ऑटोमॅटिक ओएस टाकताना टार्गेट डिस्क निवडू देणं

ऑटोमॅटिक ओएस डिप्लॉयमेंटमधली (ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप बसवण्यातली) टार्गेट डिस्कची निवड म्हणजे नेटवर्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स आपोआप बसत असताना भाषा, कीबोर्ड, युजर, पासवर्ड, सॉफ्टवेअर हे सगळं कोणाला न विचारता होऊ द्यायचं आणि "कुठल्या डिस्कवर टाकू?" एवढा एकच प्रश्न थांबून समोरच्या माणसाला विचारायचा. बाकी काहीही चुकलं तरी नंतर दुरुस्त होतं, कॉम्प्युटरचं नाव बदलता येतं, ड्रायव्हर परत टाकता येतो, पण चुकीची डिस्क पुसली गेली की विषय संपला, म्हणून हा एकच प्रश्न वेगळा काढलेला असतो.

सोलापुरात एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही. "विंडोज मारायच्या आधी डिस्क बघून घे" एवढंच बोललं जातं, मग ते नवी पेठेतलं दुकान असो, होटगी रोडवरच्या कॉलेजची लॅब असो किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो.

प्रश्न मुळात येतो कुठून

एका पीसीत एकच डिस्क असते तोपर्यंत विचारायची गरजच नाही. गडबड सुरू झाली ती एसएसडी (चिपची वेगवान डिस्क) स्वस्त झाल्यावर. जुना पीसी हळू चालतो म्हणून त्यात २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी टाकायची आणि आधीची ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्डडिस्क काढून न टाकता डेटासाठी आतच ठेवायची, हा उपाय आपल्याकडं घरोघरी आणि ऑफिसोऑफिसी झालाय. आता त्या जुन्या हार्डडिस्कवर काय असतं? चादरी-टॉवेलवाल्याकडं जॅकार्डच्या डिझाइनच्या फायली, सीएच्या ऑफिसात टॅलीचा वर्षानुवर्षांचा डेटा, कॉलेजात पोरांचे प्रोजेक्ट, फोटो स्टुडिओत लग्नांचे अल्बम. ओएस टाकायची असते एसएसडीवर आणि जीव अडकलेला असतो हार्डडिस्कमध्ये. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ज्यांनी "चाललंय की" म्हणून हात लावला नव्हता त्यांनाही नवीन ओएस टाकायची वेळ आली.

ऑटोमॅटिक सेटअप लिहिणारा माणूस बहुतेक वेळा फाइलमध्ये "डिस्क ० पुसून टाक" असं लिहून मोकळा होतो. पण डिस्क ० म्हणजे एसएसडीच असेल असा काही नियम नाही. नंबर कसा लागतो ते कंट्रोलर, पोर्ट, ड्रायव्हर आधी कुठला लोड झाला ह्यावर ठरतं. जुनी हार्डडिस्क साटाच्या (केबलनं डिस्क जोडायच्या पद्धतीच्या) पहिल्या पोर्टला आणि नवीन एसएसडी दुसऱ्या पोर्टला लावली असेल तर हार्डडिस्कच ० होऊ शकते. एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) आणि साटा दोन्ही असलेल्या मशीनमध्ये तर एकाच मॉडेलचे दोन पीसी वेगळे नंबर दाखवू शकतात. शिवाय पेनड्राइव्ह, रिकामे कार्ड रीडर, काही लॅपटॉपमधलं हार्डडिस्कचा वेग वाढवणारं १६ किंवा ३२ जीबीचं ऑप्टेन मॉड्यूल हे सगळे यादीत डिस्क म्हणूनच येऊन बसतात. लिनक्समध्ये पण तेच, पेनड्राइव्हवरून बूट केलं की कधीकधी तो पेनड्राइव्हच एसडीए (लिनक्समधलं पहिल्या डिस्कचं नाव) होतो आणि खरी डिस्क एसडीबी, आणि पुढच्या बूटला ही नावं तशीच राहतील ह्याची खात्री कर्नल (लिनक्सचा गाभा) देत नाही, म्हणून तर डिव्हाइस फोल्डरमध्ये मॉडेल आणि सिरियल नंबरवरून बनलेली बाय-आयडी नावं वेगळी ठेवलेली असतात.

विंडोजमध्ये कसं करतात

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आन्सर फाइलमधून (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या फाइलमधून) डिस्कचा भागच काढून टाकायचा. ह्या फाइलमध्ये, म्हणजे ऑटोअनअटेंडमध्ये, डिस्क कॉन्फिगरेशन आणि कुठं इन्स्टॉल करायचं ते लिहिलंच नाही तर सेटअप बाकीचे स्क्रीन गाळतो आणि फक्त डिस्क निवडायच्या स्क्रीनवर येऊन थांबतो. दहा-वीस मशीनच्या ऑफिसला एवढं पुरतं. त्यात एक मेख आहे ती खाली येईलच.

मोठ्या लॅबसाठी लोक एमडीटी किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर ही मायक्रोसॉफ्टची टूल वापरतात, म्हणजे मशीन पीएक्सईनं (नेटवर्कवरून) बूट होतं, विंडोज पीई (इन्स्टॉलपुरतं छोटं विंडोज) रॅममध्ये चढतं आणि टास्क सिक्वेन्स (कामांची ठरवलेली यादी) एकेक स्टेप चालवत जातो. ह्या दोन्हीत ओएसडीडिस्कइंडेक्स नावाचं व्हेरिएबल आहे, त्यात जो आकडा असेल त्या डिस्कवर फॉरमॅट-पार्टिशनची स्टेप चालते. त्यामुळं काम एवढंच उरतं की त्या स्टेपच्या आधी पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांडच्या भाषेत) लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची, ती गेट-डिस्क कमांडनं यादी काढते, खिडकी दाखवते, माणूस निवडतो, आणि निवडलेला नंबर व्हेरिएबलमध्ये जातो. ऐकायला सोपं, करताना तीन ठिकाणी अडतं. पहिलं, साध्या बूट इमेजमध्ये (ज्या फाइलमधून विंडोज पीई चढतं तिच्यात) पॉवरशेल नसतंच, त्याचे आणि डॉटनेट, डब्ल्यूएमआय, स्टोरेजचे घटक वेगळे घालावे लागतात, स्टोरेजवाला विसरला तर गेट-डिस्क चालतच नाही. दुसरं, टास्क सिक्वेन्सची प्रोग्रेसची खिडकी सगळ्यांच्या वर बसलेली असते, तिला स्क्रिप्टमधून आधी बंद करावं लागतं, नाहीतर तुमचा प्रश्न तिच्या मागं लपतो आणि समोरच्याला वाटतं मशीन हँग झालं. तिसरं, बायोस आणि यूईएफआय ह्या पीसी सुरू करायच्या जुन्या आणि नव्या पद्धतींसाठी फॉरमॅटच्या स्टेप वेगळ्या असतात, दोन्हींना व्हेरिएबल लागू पडतंय ना ते बघावं लागतं.

आणि कधीकधी खिडकी रिकामीच येते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (इंटेलचा डिस्क सांभाळणारा कंट्रोलर) चालू असतं, त्याचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये नसेल तर आतली एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. अशा वेळी ऑटोमॅटिक सेटअपला दिसणारी एकमेव डिस्क म्हणजे बाहेर लावलेली बॅकअपची हार्डडिस्क असू शकते. "एकच डिस्क आहे ना, मग विचारायचं कशाला" असं गृहीत धरणारी स्क्रिप्ट इथं तोंडावर आपटते, म्हणून यूएसबी बसवरच्या डिस्क यादीतून आधीच उडवायच्या.

लिनक्सची तऱ्हा

लिनक्समध्ये प्रत्येक घराण्याची पद्धत वेगळी. रेड हॅट, फेडोरावाल्या किकस्टार्टमध्ये (त्यांच्या आन्सर फाइलमध्ये) पार्टिशनच्या ओळी दिल्याच नाहीत तर ग्राफिकल इन्स्टॉलर तिथं थांबून विचारतो. स्वतःचा प्रश्न विचारायचा असेल तर इन्स्टॉल सुरू व्हायच्या आधी चालणाऱ्या प्री-स्क्रिप्टमध्ये विचारतात, त्यासाठी स्क्रीन सहाव्या कन्सोलवर न्यायचा, इनपुट-आउटपुट तिकडं वळवायचं, उत्तर घ्यायचं, पार्टिशनच्या ओळी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायच्या आणि मुख्य फाइलमधून ती इन्क्लूड करायची. जुनी पद्धत आहे पण चालते.

डेबियनची अशीच उत्तरांची फाइल म्हणजे प्रीसीड, तो जरा शहाणा आहे. डिस्कचं नाव दिलं नाही आणि मशीनमध्ये एकच डिस्क असेल तर तो तीच घेतो, जास्त असतील तर नाव मागतो. आता हा शहाणपणा मोडायला लोकांनीच एक युक्ती काढलीय, पार्टिशन करायच्या आधी एक कमांड चालवून यादीतली पहिली डिस्क आपोआप उचलायची. सगळी मशीनं एकसारखी असतील तिथं ठीक, पण आपल्याकडच्या लॅबमध्ये तीन वेगवेगळ्या वर्षी घेतलेले पीसी एका रांगेत बसलेले असतात.

उबंटूचा ऑटोइन्स्टॉल सगळ्यात जपून वापरावा असा. त्यात डिस्कबद्दल काही सांगितलं नाही तर तयार लेआउट मशीनमधली सगळ्यात मोठी डिस्क निवडतो. २५६ ची एसएसडी आणि १ टीबीची डेटाची हार्डडिस्क, ह्यात मोठी कुठली ते सांगायला नको. सर्व्हर बनवणाऱ्यांना हा डीफॉल्ट बरोबर वाटत असेल पण कारखान्यातल्या डिझाइन टेबलवरच्या पीसीला तो सरळसरळ घातक आहे. उपाय दोन आहेत, मॅचमध्ये (डिस्क कशी ओळखायची ते सांगणाऱ्या ओळीत) एसएसडीच घे असं लिहायचं, किंवा इंटरॅक्टिव्ह सेक्शनमध्ये स्टोरेज टाकायचं म्हणजे बाकी सगळं आपोआप आणि डिस्कचा स्क्रीन तेवढा माणसासमोर. दुसरा उपाय जास्त बरा, कारण दोन एसएसडी असलेलं मशीन कधी ना कधी येतंच.

खिडकीत काय दाखवायचं

इथंच बहुतेक जण घाई करतात. "डिस्क ०, डिस्क १" एवढंच दाखवलं तर विचारलं काय आणि नाही विचारलं काय, सारखंच. माणसाला नंबर कळत नाही, त्याला कंपनी, मॉडेल आणि साइज कळते. साइज पण कशी दाखवायची हा वांधा असतोच, डब्यावर १ टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं, २५६ चं २३८ होतं, ५०० चं ४६५, कारण कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या. स्टिकरवरचा आकडा आणि खिडकीतला आकडा जुळला नाही की समोरचा गोंधळतो, म्हणून दोन्ही दाखवलेले बरे. एसएसडी की हार्डडिस्क, साटा की एनव्हीएमई, आणि एकाच मॉडेलच्या दोन असतील तर सिरियल नंबरचे शेवटचे आकडे, एवढं पुरे.

ह्याच्या जोडीला डिस्कवर आत्ता काय आहे तेही दाखवावं, व्हॉल्यूमचं लेबल आणि किती जागा भरलीय ते. "डेटा, ४१० जीबी भरलेली" असं दिसलं की हात आपोआप थांबतो. पण सी, डी, ई ही अक्षरं दाखवू नयेत. विंडोज पीईमध्ये अक्षरं नव्यानं वाटली जातात, रोज सी म्हणून वापरलेलं पार्टिशन तिथं डी किंवा ई होऊन बसतं आणि पीई स्वतः एक्सवर असतं. युजरनं "माझं सगळं डीमध्ये आहे" असं सांगितलेलं असतं आणि ते डी हे नसतंच. बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करायचं साधन) लावलेली डिस्क असेल तर आतलं काहीच दिसत नाही, म्हणून ती रिकामी आहे असं समजू नये, कुलूप असलं तरी डिस्कपार्टची (विंडोजच्या पार्टिशन करायच्या टूलची) क्लीन कमांड ती पुसतेच.

सोलापुरात एकाच लॅबमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांतली पोरं असतात, त्यामुळं खिडकीत चार ओळींचा इंग्रजी इशारा लिहून काही उपयोग नाही, तो कोणी वाचत नाही आणि ओके दाबलं जातं. मॉडेल आणि साइज मोठ्या अक्षरात, आणि पक्कं करण्यासाठी नुसतं बटण न ठेवता सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे टाइप करायला लावायचे, हे कुठल्याही इशाऱ्यापेक्षा भारी पडतं.

कधी विचारायचं ह्यावर मतं दोन आहेत. काही जण प्रत्येक मशीनला विचारतात. पण साठ मशीनच्या लॅबमध्ये साठ वेळा तोच प्रश्न आला की दहाव्या मशीनपासून माणूस न बघता दाबायला लागतो, आणि ज्या एका मशीनमध्ये खरोखर दोन डिस्क आहेत तिथंच घात होतो. त्यापेक्षा यूएसबीच्या आणि ६४ जीबीपेक्षा लहान डिस्क आधीच गाळायच्या (विंडोज ११ ला तेवढी जागा किमान लागतेच), उरलेली एकच असेल आणि ती रिकामी असेल तर गप पुढं जायचं, आणि शंका असेल तेव्हाच थांबायचं. थांबल्यावर कोणी उत्तर दिलं नाही तर काय? बऱ्याच स्क्रिप्टमध्ये पाच मिनिटांनी पहिली डिस्क घेऊन पुढं जायची सोय असते, म्हणजे रात्री लावून घरी जाता येतं. ही सोय ठेवूच नये. वेळ संपली की मशीन बंद व्हावं, सकाळी येऊन बघता येतं.

निवडल्यानंतरच्या गोष्टी

निवड बरोबर झाली तरी एक खोडी राहते, आणि वर म्हटलेली मेख ती हीच. यूईएफआय मशीनमध्ये विंडोजला बूटसाठी एक छोटं ईएफआय पार्टिशन लागतं. सेटअपच्या स्क्रीनवरून एसएसडी निवडली पण जुन्या हार्डडिस्कवर आधीच असं पार्टिशन असेल तर सेटअप कधीकधी बूटच्या फायली तिथंच टाकतो. विंडोज एसएसडीवर, बूट हार्डडिस्कवर. वर्षभर काही कळत नाही, मग ती हार्डडिस्क खराब झाली किंवा काढली की पीसी सुरूच होत नाही आणि दुकानदार म्हणतो एसएसडी गेली. डिस्कपार्टच्या स्क्रिप्टनं निवडलेल्या डिस्कवरच ईएफआय, १६ एमबीचं एमएसआर (विंडोजनं स्वतःसाठी राखून ठेवलेलं) आणि विंडोजचं अशी पार्टिशनं नव्यानं पाडली आणि बीसीडीबूटला (बूटच्या फायली टाकणाऱ्या कमांडला) त्याच ईएफआयचा पत्ता दिला तर हे होत नाही.

चुकून दुसरी डिस्क निवडली गेलीच तर पहिली गोष्ट म्हणजे पॉवर बंद करायची. नुसत्या क्लीननं पार्टिशनची माहिती जाते, आतला डेटा बहुतेक तसाच असतो आणि टेस्टडिस्कसारख्या टूलनं पार्टिशन परत मिळायची शक्यता चांगली असते. क्लीन ऑल असेल तर प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिली जातात, तिथं आशा नाही. आणि ओएसची इमेज (तयार कॉपी) डिस्कवर उतरायला सुरुवात झाली असेल तर जेवढ्या भागावर ती लिहिली गेली तेवढा भाग गेला. ही वाचायची शक्यता हार्डडिस्कची, एसएसडीवर ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागेतला डेटा काढून टाकायची एसएसडीची सोय) चाललं की तीही राहत नाही.

दुकानातले जुने कारागीर ह्या सगळ्यावर एकच उपाय करतात, डेटाच्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवायची आणि मग विंडोज मारायची. एका-दोन डेस्कटॉपसाठी ह्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. लॅपटॉप उघडत बसणं आणि साठ कॅबिनेटचे स्क्रू काढणं मात्र कोणाला परवडत नाही, खिडकीतून विचारायची पद्धत तिथंच कामाला येते.