मांजर आणि साफसफाईची रसायने

ब्लीच, टीसीएल पावडर (पाण्यात टाकतात ती ब्लीचिंग पावडर) आणि क्लोरीनचा वास असलेल्या इतर पदार्थांकडे काही मांजरे ओढली जातात. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ती लोळतात, ओल्या पोछ्याला गाल घासतात, बादलीची कड चाटतात. बोका, भाटी दोघांतही हे दिसते. मात्र सगळीच मांजरे असे करत नाहीत. मराठवाड्यातल्या घरांत पाणी साठवण्याच्या पद्धतीमुळे आणि उन्हाळ्यामुळे या सवयीचा धोका वाढतो.

क्लोरीनचा वास मांजराला दुसऱ्या मांजराच्या मुताच्या किंवा अंगगंधाच्या खुणेसारखा वाटत असावा, असे मानले जाते. फरशीवरच्या घामातल्या आणि अन्नाच्या कणांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी ब्लीचची क्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात. पुसल्यानंतर बराच वेळ रेंगाळणारा उग्र वास यांचाच. तो घेताना मांजर वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडे ठेवून क्षणभर थांबते. टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत वास पोचवण्याची ही रीत आहे. वनस्पतींच्या बाबतीतही असे वागणे दिसते. पावसाळ्यानंतर बांधावर, पडीक जागेत उगवणारी खोकली (अकॅलिफा इंडिका) उपटली की तिच्या मुळाच्या वासाने मांजर वेडेपिसे होते. ब्लीचच्या मागे लागणाऱ्या मांजरासमोर या मुळाचा धुतलेला तुकडा काही मिनिटे ठेवला तर त्याचे लक्ष तिकडे वळवता येते. तो फक्त हुंगायला द्यावा. पाला पोटात गेल्यास उलट्या होतात.

मांजर सहसा बाटलीला तोंड लावून रसायन पीत नाही. ओल्या फरशीवरून चालताना पंजांना आणि पोटाच्या केसांना द्रावण लागते, मग मांजर अंग चाटते आणि ते पोटात जाते. म्हणून फक्त बाटल्या कपाटात ठेवून भागत नाही. फरशीवर काय उरले आहे ते पाहावे लागते.

सगळी रसायने सारखी घातक नाहीत. घरगुती ब्लीच पातळ असले तर लाळ गळते, एक-दोन उलट्या होतात; सुकल्यावर त्याचे बहुतांश मीठ उरते. फिनेलचे तसे नाही. गोठ्यात वापरतात त्या काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉल असतात. फिनॉल शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला त्यावर ग्लुक्युरोनिक आम्ल जोडावे लागते आणि त्यासाठी लागणारे यूजीटी१ए६ हे जनुक मांजर कुळात निकामी आहे. म्हणून गाय-म्हशीला न बाधणारा गोठा त्याच गोठ्यात उंदीर धरणाऱ्या मांजराला बाधतो: लाळ, धाप, झोकांड्या, अंगाचे स्नायू थडथडणे आणि पुढे यकृताची हानी. मांजर फिनेलच्या वासाने दूर पळते, पण ये-जा त्याच वाटेने असल्याने पाय भरायचे ते भरतातच. फरशी पुसण्याच्या अनेक सुगंधी द्रावणांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असते. त्याने जिभेवर आणि टाळूवर फोड येतात, पण लगेच नाही. काही तासांनी, कधी बारा तासांनी. सकाळी फरशी पुसली आणि रात्री मांजर जेवेना, तर या दोन गोष्टींचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही, तो यामुळे.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा मांजर मोरीत, न्हाणीत, रांजणाखालच्या ओलीत पसरते. पाणी आठवड्यातून एखाद-दोनदा येते, टँकरचे पाणी हौदात किंवा ड्रममध्ये भरले जाते आणि त्यात टीसीएल टाकले जाते. साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा चहाचा चमचा, पुरते. असे पाणी तासाभराने मांजरालाही चालते. धोका आहे तो टीसीएल कालवलेल्या बादलीत. वरचे निवळ पाणी हौदात सोडल्यावर तळाशी दाट पांढरा गाळ राहतो. तो चुना असतो, त्यात क्लोरीनही उरलेले असते आणि त्याने तोंड भाजते. बादली मोरीत तशीच उपडी केली की मांजर नेमके तिथे जाते. गाळ अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरावा आणि बादली लगेच विसळून ठेवावी. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. सावलीत पसरट परळ भरून ठेवले की ते मोरीतल्या पाण्याकडे कमी वळते.

घटस्थापनेआधी सगळे घर धुऊन काढतात तेव्हा फरशीवर ॲसिड ओतण्याची पद्धत आहे. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. ॲसिडने ती फसफसते, स्वच्छ दिसते, पण वरचा गुळगुळीत थर झिजतो. मग त्या खरबरीत दगडात मूत, साबण, फिनेल सगळे मुरते आणि मांजर त्याच जागी पुन्हा मुतते. शहाबादीला ॲसिड लावूच नये. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो माणसालाही जीवघेणा ठरतो. मांजराच्या मुतावर थेट ब्लीच ओतल्यासही डोळे-घसा झोंबणारा वायू निघतो. आधी मूत टिपून साबणाच्या पाण्याने धुवावे, नंतर हवे तर ब्लीच.

जंतू मारण्यासाठी ४ ते ५ टक्क्यांचे ब्लीच १ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर घ्यावे, १० मिनिटे ओले ठेवावे, मग साध्या पाण्याने पुसावे. हा साध्या पाण्याचा दुसरा पोछाच मांजराला वाचवतो. पाणीटंचाईत तोच पहिल्यांदा टळतो, पण एका खोलीला अर्धी बादली पुरते आणि ते पाणी पुढच्या खोलीच्या पहिल्या पोछ्याला वापरता येते. फरशी वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत कोंडावे. पोछा बादलीत भिजत ठेवू नये. कपड्यांतल्या डांबरगोळ्याही मांजराला विषारी असतात.

अंगाला द्रावण लागले असेल तर हातमोजे घालून कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब यांनी धुवावे, पुसून कोरडे करावे आणि चाटू देऊ नये. डोळ्यात गेले असेल तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये: भाजणारे रसायन वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजते आणि मीठही विषासारखे भिनते. तोंडात बळजबरीने दूध ओतले तर ते फुप्फुसात जाते. मांजर शुद्धीवर असेल आणि स्वतःहून पीत असेल तरच थोडे पाणी ठेवावे. फोडांबरोबर ताप येतो, म्हणून घरातली पॅरासिटामॉल दिली जाते. ती मांजराला अर्धी गोळीही मारक ठरू शकते, कारण तीही बाहेर टाकायला यकृताची तीच कमकुवत वाट आहे. डॉक्टरांकडे जाताना बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. फिनेल काळे की पांढरे यावर उपचार बदलतो. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.