आंबेनळी घाट (पोलादपूर–महाबळेश्वर रस्ता)

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर आणि सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर यांना जोडणारा सुमारे ४० किलोमीटरचा घाटरस्ता. सुरूर–वाई–पाचगणी–महाबळेश्वर–पोलादपूर या राज्य महामार्गाचा हा कोकणात उतरणारा भाग. पोलादपुरात तो मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो.

सरसकट एकच घाट म्हणून ओळख असली तरी चढ दोन आहेत. पहिला सावित्रीच्या खोऱ्यातून प्रतापगडाजवळच्या खिंडीपर्यंत. तिथे पाणलोट बदलतो: पश्चिमेचे पाणी सावित्रीतून अरबी समुद्राला, पूर्वेचे कोयनेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाते. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो, आणि तिथून दुसरा चढ थेट महाबळेश्वरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर नेतो.

या वाटेपेक्षा जुना पार घाट. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने उतरला आणि त्याची छावणी पडली ती पार गावाजवळच. कोयनेवरचा तिथला दगडी पूल शिवकालीन मानतात. १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले, तेव्हा मुंबईचे साहेबलोक समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीत शिरत, दासगाव-महाडकडे उतरत आणि पालखीतून पार घाट चढत. चढ फार उभा होता, गाडीच्या उपयोगाचा नव्हता. म्हणून सोप्या चढाचा नवा रस्ता आखला गेला; तो १८७६ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईचे गव्हर्नर सर सीमोर फिट्झजेराल्ड यांचे नाव त्याला मिळाले. हे नाव आता कागदोपत्रीच उरले आहे. पार गाव मात्र तेव्हापासून मुख्य वाटेच्या बाजूला पडले.

रस्त्याचा खरा शत्रू पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगरउतारावरची माती भिजून फुगते, मोऱ्या गाळाने तुंबतात आणि पाणी रस्त्याखालचा भराव पोखरते. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. दरडी कोसळल्या, काही ठिकाणी अख्खा रस्ताच वाहून गेला आणि वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथे दरडींखाली माणसे दगावली.

त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दरीत कोसळली. एक जण सोडला तर कोणीही वाचले नाही. पावसाळ्यात दाट धुके असते, वळण संपेपर्यंत समोरचे वाहन दिसत नाही. अतिवृष्टीचा इशारा आला की प्रशासन घाट बंद ठेवते.