घर हाच कारखाना: सोलापूरच्या विडी कामगारांच्या मागण्यांची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या विडी कामगार बायका मजुरीच्या जोडीनं घरं का मागत राहिल्या, याचं उत्तर गिरण्यांपासून शोधावं लागतं.

१८७७ साली इथली पहिली कापडगिरणी सुरू झाली, आपली ‘जुनी मिल’. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू आल्या. तेलंगणातले पद्मशाली विणकर आणि दुष्काळानं गाव सोडलेली माणसं एकाच भोंग्यावर एकाच फाटकातून आत जायची. पाळी सुटली की तिथंच सभा भरवता यायची. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, त्यामागे गिरणी कामगारांचं बळ होतं. या उठावासाठी १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चौघांतले कुर्बान हुसेन कामगार चळवळीतलेच.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि काम विखुरलं. पुरुष यंत्रमागांच्या लहान लहान शेडमध्ये गेले. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असतील तरच लागू व्हायचा. चार-सहा माणसांच्या शेडमध्ये त्याचा काय उपयोग?

बायकांचं काम तर घरातच होतं. उंबऱ्याशी बसायचं, मांडीवर सूप. ओलवलेलं तेंदूचं पान कात्रीनं बेतायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा, नखानं तोंड मिटवायचं. मजुरी हजार विड्यांवर. वळलेला माल कारखान्यात भरायला गेलं की तपासणीत काही विड्या नापास होतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. पान खराब आलं तर खोट बाईच्याच माथी. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय हाच, कारण पान तिनं निवडलेलं नसतं.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. मालक कोर्टात गेले, पण घरखात्यातल्या, म्हणजे घरी बसून विड्या वळणाऱ्या, कामगारांनाही तो मिळालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं. कागदावरचा हा हक्क पासबुकात उतरवायला युनियनला वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

पत्र्याच्या एका खोलीत तंबाखूचा खकाणा, चूल आणि झोपलेलं मूल. जिथं राहायचं तिथंच राबायचं, म्हणजे घर सुधारणं हेच कामाची जागा सुधारणं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली ही मागणी उभी राहिली. सोलापूरजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरं झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचा ताबा मिळाला. शेजारच्या रे नगरात यंत्रमाग, बांधकाम अशा असंघटित कामगारांसह ३०,००० घरांची योजना आखली गेली. त्यातली १५,००० पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ जानेवारी २०२४ ला सुपूर्द केली.

विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाचं अनुदान ज्या निधीतून यायचं, तो १९७६ च्या कायद्यानं उभा राहिला होता. विडीवर बसवलेला उपकर त्यात जमा व्हायचा. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये हा उपकर रद्द झाला. आता त्या खर्चासाठी दर वर्षी केंद्राच्या अर्थसंकल्पाकडे पाहावं लागतं.