लुकडेपणा वेगळा, खुरटणं वेगळं

पावसाळा लागला, मेळघाट-नंदुरबारच्या बातम्या सुरू झाल्या की एक चूक ठरल्यासारखी छापून येते. आकडा असतो खुरटलेल्या मुलांचा आणि शेजारी फोटो असतो बरगड्या मोजता येतील अशा मुलाचा. दोन्ही कुपोषणच, पण दुखणी दोन आहेत. ती एकच धरली की देशातला कुठला भाग किती मागे आहे याचा हिशोबच चुकतो.

लुकडेपणा सगळ्यांना माहीत आहे. उंचीच्या मानाने वजन कमी. ते फारच कमी असेल, दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर मूल सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात. दंडघेर आणि वजन-उंची दर वेळी तीच मुलं पकडत नाहीत, हे खरं. त्यावर बैठका घेत बसू नये. कुठल्याही एका खुणेवर मूल सापडलं की उपचार सुरू करावेत. अशा मुलाच्या मृत्यूचा धोका निरोगी मुलाच्या सुमारे नऊपट असतो.

खुरटणं म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी, आणि फसगत होते ती इथेच. तीन वर्षांचा एक मुलगा घ्या: उंची ८६ सेंटीमीटर, वजन साडेअकरा किलो. अंगणवाडीत वयानुसार वजन पाहिलं, तर ११.३ किलोच्या रेषेच्या वर, म्हणजे ठीक. उंचीनुसार वजन पाहिलं तरी ठीक. गालही भरलेले दिसतील. पण या वयाच्या मुलाची उंची साधारण ९६ सेंटीमीटर हवी आणि ८८.७ च्या खाली तो खुरटलेला धरतात. दोन मोजमापांतून पास झालेलं हे मूल आईच्या पोटात असल्यापासून उपाशी आहे.

हेच राज्यांच्या बाबतीत होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत मेघालयात पाच वर्षांखालची ४६.५ टक्के मुलं खुरटलेली निघाली, देशात सर्वाधिक. पण लुकडी मुलं तिथे फक्त १२.१ टक्के. महाराष्ट्रात खुरटलेली ३५.२ टक्के, म्हणजे देशाच्या ३५.५ च्या जवळपास; लुकडी मात्र २५.६ टक्के, देशाच्या १९.३ पेक्षा कितीतरी जास्त. आता कमी वजनाचा आकडा बघा: मेघालय २६.६, महाराष्ट्र ३६.१. फक्त वजनकाटा घेऊन बसलात तर मेघालय आपल्यापेक्षा सुस्थितीत दिसेल, आणि तिथली कितीतरी खुरटलेली मुलं हिशोबातून गायब होतील. म्हणूनच जिल्ह्यांची क्रमवारी निव्वळ कमी वजनावर लावण्याला माझा ठाम विरोध आहे. त्या एका आकड्यात दोन्ही दुखणी मिसळतात आणि उपाय कुठलाच सुचत नाही.

उपाय वेगळे आहेत, कारण वेळ वेगळी आहे. लुकडेपणा काही आठवड्यांत येतो: जुलाब, मलेरिया, घरातलं संपलेलं धान्य, कामासाठी झालेलं स्थलांतर. वेळेवर पकडला तर ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात तो काही आठवड्यांत भरूनही निघतो. खुरटणं गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांत घडतं: कमी वयात लग्न, आईचा रक्तक्षय, जन्मतःच कमी वजन, घाण पाण्यामुळे पुन्हापुन्हा होणारे जुलाब. सुरुवातीला पाणी न मिळालेल्या ज्वारीला नंतर कितीही पाणी द्या, ती हिरवी होते, उंच होत नाही. तसंच चौथ्या वर्षी सुरू केलेल्या खिचडीने वजन वाढतं, गेलेली उंची सहसा परत येत नाही. म्हणून 'जिल्हा सॅममुक्त' या घोषणेवरून खुरटण्याबद्दल काहीही कळत नाही.

'आदिवासी मुलं मुळातच बुटकी असतात' हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे, आणि दर वेळी संताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली मुलं मोजून बनवले. नीट आहार आणि स्वच्छ परिसर मिळालेली ही मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखीच वाढली. वंशाचं कारण पुढे करणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

मोजमापातही एक फरक आहे. लुकडेपणा तपासायला वय लागत नाही. उंचीवरून खुरटणं ठरवायला जन्मतारीख अचूक लागते. पाड्यावर घरीच बाळंतपण झालं आणि तारीख अंदाजाने लिहिली, की पुढचं सगळं गणित बिघडतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची असते आणि त्याला दोन माणसं लागतात: एक डोकं धरायला, एक पाय सरळ करायला. सेविका एकटी असेल तर तिने भरलेल्या लांबीवर मी विसंबणार नाही. दोष तिचा नाही. मदतनिसाचं पद रिकामं ठेवणाऱ्यांचा आहे.