चौरंगावरची ३२४ घरे: सर्वतोभद्र, वास्तुमंडल आणि श्रीचक्र

नाशकात वास्तुशांत असो की सोळा सोमवारांचे उद्यापन, गुरुजींच्या यादीत चौरंग, पांढरे कापड आणि पाच रंगांची धान्ये ठरलेली. त्यांतून चौरंगावर जी चौकटी-चौकटींची आकृती उभी राहते ती सर्वतोभद्र मंडल. तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही, कारण पूजा सुरू होते तोवर मधोमध कलश बसलेला असतो आणि नजर त्यावरच्या नारळाकडे जाते. खरे तर कलश बसतो तो या आकृतीच्या जोरावर. मंडल ही देवाची तसबीर नव्हे, ते त्याचे आसन. म्हणून ते सुबक असण्यापेक्षा मोजणीला बरोबर असणे महत्त्वाचे.

मोजणी अशी. उभ्या १९ आणि आडव्या १९ रेघा मारायच्या, म्हणजे १८ गुणिले १८, एकूण ३२४ घरे होतात. चारही कोपऱ्यांत तीन-तीन घरांचा खंडेंदू, म्हणजे चंद्रकोर, पांढरी. तिच्यापासून आत तिरकी उतरणारी पाच घरांची शृंखला काळी. शृंखलेच्या दोन्ही अंगांना अकरा-अकरा घरांच्या वल्ली, एकूण आठ. श्लोकात वल्लीचा रंग ‘नील’ आहे, आपल्याकडे ती हिरवी भरतात. मग नऊ घरांची आठ भद्रे लाल, आणि चार बाजूंना चोवीस घरांच्या चार वापी पांढऱ्या. वापी म्हणजे पायऱ्यांची बारव. आकृतीतही ती पायऱ्यापायऱ्यांनीच उतरते. मधे वीस घरांचा पिवळा परिधी आणि त्याच्या आत सोळा घरांत अष्टदल कमळ. बेरीज करून पाहावी: १२, २०, ८८, ७२, ९६, २० आणि १६ मिळून ३२४. एकही घर उरत नाही की कमी पडत नाही. सगळ्याच्या बाहेर तीन रेघा येतात, पांढरी, लाल आणि काळी, म्हणजे सत्त्व, रज, तम. कमळावर ब्रह्मदेवाचे आवाहन होते, उत्तरेला सोम, ईशान्येला ईशान, पूर्वेला इंद्र आणि पुढे क्रमाने बाकीच्या देवता.

नेहमीची चूक पहिल्याच पायरीवर होते. घरे अठरा हवीत म्हणून रेघाही अठराच मारल्या जातात, घरे सतराच होतात आणि मधे चार बाय चारचे कमळ बसतच नाही. दुसरी चूक मापाची. एक इंचाचे घर धरले तर आखणी १८ इंचांची होते, बाहेरच्या तीन रेघांना प्रत्येक बाजूला दीड इंच लागतो, म्हणजे चौरंग किमान २१ इंच हवा. तो लहान असला की त्या तीन रेघाच गाळल्या जातात. एवढ्या मापाला अंदाजे पाव किलो तांदूळ, मूग आणि मसुराची डाळ दोनशे-दोनशे ग्रॅम, हरभऱ्याची डाळ आणि काळे उडीद शंभर-शंभर ग्रॅम पुरतात. अख्खे मूग घेऊ नयेत, ते घरंगळून शेजारच्या भद्रात शिरतात. सालीची डाळ जागेवर बसते. भरायला मधल्या कमळापासून घ्यावे. कडेपासून भरत आत गेले की बाहीने बाहेरची घरे विस्कटतात.

या मोजणीची मुळे यज्ञवेदीत आहेत. शुल्ब म्हणजे दोरी, आणि बौधायन, आपस्तंब, कात्यायन यांची शुल्बसूत्रे म्हणजे दोरी आणि खुंट्यांनी वेदी आखण्याचे नियम. गार्हपत्य अग्नीची वेदी गोल, आहवनीयाची चौकोनी, दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाकार. आकार तीन, पण क्षेत्रफळ एकच हवे. गोल ही पृथ्वी आणि चौकोन हा द्युलोक, म्हणजे स्वर्ग, मानला, तर दोन्ही तोलाचे असले पाहिजेत, असा त्यामागचा आग्रह. बौधायनाने चौकोनाचे वर्तुळ करण्याची रीत दिली आहे: चौकोनाच्या केंद्रापासून कोपऱ्यापर्यंतची दोरी बाजूच्या मध्याकडे वळवायची, ती बाजूबाहेर जेवढी जाईल त्याचा तिसरा हिस्साच बाहेर ठेवायचा आणि केंद्रापासून तिथपर्यंतच्या त्रिज्येने वर्तुळ काढायचे. हिशेब केला तर क्षेत्रफळ सुमारे १.७ टक्के जास्त भरते. दोरी-खुंटीच्या कामाला ही चूक क्षुल्लकच. श्येनचितीत, म्हणजे ससाण्याच्या आकाराच्या वेदीत, विटांचे पाच थर आणि प्रत्येक थरात २०० विटा. इथेही अर्थ हजाराच्या आकड्यात आहे, पक्ष्याच्या चित्रात नाही.

यज्ञाची जागा देवळाने घेतली तेव्हा वेदीचा चौकोन जमिनीवर पसरला आणि त्याचे वास्तुपुरुषमंडल झाले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ते ८१ आणि ६४ अशा दोन्ही पदांचे, म्हणजे घरांचे, सांगितले आहे. पालथ्या पाडलेल्या पुरुषाचे डोके ईशान्येला, पाय नैर्ऋत्येला आणि अंगावर ४५ देवता, बाहेर ३२ आणि आत १३. ८१ पदांत मधली नऊ ब्रह्मदेवाची, ६४ पदांत मधली चार. रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती मर्मस्थाने, तिथे खांब किंवा खिळा नको. आज गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये खांब बिल्डरने आधीच उभे केलेले असतात, त्यामुळे हा नियम पाटावरच्या मंडलापुरता उरला आहे. वास्तुपुरुषाची प्रतिमा मात्र आग्नेय कोपऱ्यात फरशीखाली बसवतात. वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिच्या अंगावर ४५ देवता बसल्या आहेत हे सहसा सांगितले जात नाही.

हे मंडल दगडात पाहायचे तर सिन्नरला जावे. यादवकाळातले गोंदेश्वर हे शिवपंचायतन: मधे महादेव, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची छोटी देवळे. देवघरात पंचायतन मांडतात त्याचीच ही मोठी आवृत्ती. शिवपंचायतनाचा पोथीतला क्रम ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती आणि वायव्येला देवी असा आहे. देवळाच्या भिंतीचा मधला पुढे आलेला भाग, त्यालाही शिल्पशास्त्रात ‘भद्र’ म्हणतात. चौरंगावरचे लाल भद्र आणि ही भिंत यांचे नाव एक असणे आम्हाला योगायोग वाटत नाही.

श्रीचक्र म्हणजे देवीचे यंत्र. त्याची जात मात्र निराळी, ते चौकटीचे नव्हे, त्रिकोणांचे. ‘यंत्र’ शब्द ‘यम्’ धातूपासून, म्हणजे आवरून धरणारे. सौंदर्यलहरी या देवीस्तोत्राच्या अकराव्या श्लोकात शिवाचे चार आणि शक्तीचे पाच त्रिकोण येतात. ते एकमेकांत गुंतून ४३ लहान त्रिकोण होतात. काही पाठांत ४४ आहे, ते मधला बिंदू धरून. बाहेरून आत मोजले की १४, १०, १०, ८ आणि १. त्यांच्याभोवती आठ आणि सोळा पाकळ्या, आणि शेवटी चार दारांचा भूपुर, म्हणजे बाहेरचा चौकोन. नऊ आवरणांची पूजा भूपुरापासून बिंदूकडे जाते तो संहारक्रम. बिंदूपासून बाहेर येणारा सृष्टिक्रम. मराठी कुळातल्या भास्कररायांनी अठराव्या शतकात या उपासनेवर ‘सेतुबंध’सारख्या टीका लिहिल्या.

आखण्याची एक जुनी रीत ४८ भागांची आहे. वर्तुळाच्या उभ्या व्यासाचे ४८ भाग करून वरून ६, १२, १७, २०, २३, २७, ३०, ३६ आणि ४२ या खुणांवर नऊ आडव्या रेघा ओढायच्या. तिसरी आणि सातवी वर्तुळाला टेकते, बाकीच्या दोन्ही टोकांनी ठरलेल्या प्रमाणात पुसायच्या. मग पहिलीची टोके सहावीच्या मध्याला, दुसरीची नववीच्या, तिसरीची वर्तुळाच्या तळाला, चौथीची आठवीच्या, पाचवीची सातवीच्या मध्याला जोडली की पाच शक्तित्रिकोण झाले. सहावी दुसरीला, सातवी वर्तुळाच्या माथ्याला, आठवी पहिलीला, नववी तिसरीला, हे चार शिवत्रिकोण. दोन रेघा भेटतात तो संधी, तीन भेटतात ते मर्म. सारी परीक्षा मर्मात असते. तिसरी रेघ केसभर सरकली की तिथे एक चिमुकला फाजील त्रिकोण उघडतो आणि ४३ चा हिशेब बिघडतो. बाजारातल्या पुष्कळ छापील यंत्रांत नेमके हेच झालेले असते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या यंत्राची अडचण निराळी: दर शुक्रवारी चिंचेने घासून घासून बारीक रेघा बुजत जातात, आणि आधी बुजतो तो मधला त्रिकोण. यंत्र घेताना बोटाने मोजूनच घ्यावे, ‘सिद्ध केलेले आहे’ यावर जाऊ नये.

बिंदूशी नाशिककरांचे एक जवळचे नाते आहे. महाराष्ट्रातली साडेतीन पीठे म्हणजे ओंकाराच्या साडेतीन मात्रा असे मानतात, आणि त्यातले अर्धे पीठ वणीची सप्तशृंगी. अर्धमात्रा म्हणजे उच्चार संपल्यावर उरणारा नाद, आणि तिची खूण बिंदू. त्यामुळे ‘अर्धे’ म्हणजे कमी प्रतीचे, हा समज उलटा आहे.

सर्वतोभद्राचे विसर्जन साधे असते. उत्तरपूजेत ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणत अक्षता टाकायच्या, कलश उचलायचा आणि कापडाची चारही टोके एकत्र धरायची. ३२४ घरांचे पाचही रंग त्या गाठोड्यात एक होतात.