थरथरणारा बिंदू आणि ढळलेला बिंदू

विदर्भात तालुक्याच्या गावी भरणाऱ्या गुडघेदुखीच्या शिबिरांतही हल्ली मोबाइलवर चाल टिपली जाते; सॉफ्टवेअर दर चित्रात सांध्यांवर बिंदू ठेवते आणि त्यांच्या हालचालीची रेघ काढते. पडद्यावरची रेघ गुळगुळीत दिसली किंवा वीस पावलांची सरासरी घेतली, की मोजणीतली चूक गेली, असे सर्रास मानले जाते. सांध्याच्या जागेत होणाऱ्या दोन निरनिराळ्या चुकांची ही गल्लत आहे आणि ती ऐकून आता कंटाळा आला आहे.

थरथर सर्वांच्या ओळखीची आहे. गुडघ्याचा बिंदू दर चित्रात मिलिमीटरभर इकडेतिकडे उडतो. कोनात तिचा फारसा त्रास होत नाही. प्रवेग काढताना मात्र, सेकंदाला 100 चित्रे घेतली असतील, तर 1 मिलिमीटरची एक उडीही गुरुत्वाकर्षणाहून मोठा खोटा प्रवेग दाखवते. फिल्टर, म्हणजे अशा झटपट उड्या गाळणारे गणित, लावला की तो बराचसा जातो आणि 16 पावलांच्या सरासरीत उरलेली थरथर चौथाईवर येते. तरीही यंत्र घेताना लोक हिचेच आकडे विचारत बसतात.

खरी पंचाईत ढळलेल्या बिंदूची आहे. बाई लुगड्यात चालते तेव्हा कॅमेऱ्याला गुडघा दिसतच नाही. दिसते ती कापडाची घडी, आणि सॉफ्टवेअर आपला बिंदू तिच्यावर ठेवते. तो जराही थरथरत नाही, फक्त दर पावलाला सेंटिमीटरभर एकाच बाजूला असतो. काट्यातच खोट असेल, तर कापसाचे तेच गाठोडे वीसदा तोलून खरे वजन हाती येत नाही. कातडीवर चिकटवलेल्या मार्करची, म्हणजे कॅमेऱ्यासाठी लावलेल्या खुणेच्या टिकलीचीही तीच गत: गुडघा वाकताना कातडी हाडावरून घसरते, पण दर पावलाला बहुधा त्याच क्षणी आणि त्याच दिशेने घसरते, म्हणून सरासरीत ही चूक वजा न होता पक्की होते. खुब्याचे केंद्र तर स्नायूंच्या आत खोल असल्याने अंदाजानेच ठरवावे लागते.

40 सेंटिमीटरच्या मांडीच्या एका टोकाचा बिंदू 2 सेंटिमीटर पुढे-मागे झाला, तर कोनात सुमारे 3 अंशांचा फरक पडतो. सांध्यावरच्या टॉर्कमध्ये, म्हणजे बल सांध्याला जितक्या जोराने वळवू पाहते त्या मापात, मात्र नुकसान मोठे होते. 60 किलोच्या माणसाचा भार एका पायावर असताना जमीन सुमारे 600 न्यूटन बलाने वर रेटते. ती बलरेषा गुडघ्याच्या केंद्रापासून आतल्या बाजूला समजा 5 सेंटिमीटरवरून गेली, तर टॉर्क 30 न्यूटन-मीटर होतो. बिंदू 1 सेंटिमीटर आत ढळला, की तोच 24 होतो. औषध नाही, व्यायाम नाही, आणि गुडघ्याच्या आतल्या, दुखऱ्या बाजूचा भार पाचव्या हिश्श्याने उतरलेला दिसतो.

एकाच दिवशी, मार्कर न हलवता, गुडघ्यावरचा भार बदलण्यासाठी चपलेत पाचर घालण्यापूर्वीची आणि नंतरची चाल ताडून पाहिली, तर चूक दोन्हीकडे जवळजवळ सारखीच असल्याने फरक बऱ्यापैकी खरा येतो. महिन्याने मार्कर पुन्हा चिकटवले, की ढळण्याचे माप बदलते. म्हणून पावले वाढवण्यापेक्षा त्याच दिवशी मार्कर काढून पुन्हा लावावेत आणि फेरमोजणी करावी. लावणारी व्यक्ती दर वेळी एकच असावी आणि आडोशाची सोय करून गुडघा उघडा ठेवावा. अशा फेरमोजणीतच 6 न्यूटन-मीटरचा फरक निघत असेल, तर महिन्याभरात दिसलेला 5 न्यूटन-मीटरचा उतार अहवालात सुधारणा म्हणून लिहू नये.