मानसोपचारातील वर्गीय पूर्वग्रह

रुग्णाची आर्थिक-सामाजिक स्थिती पाहून त्याच्या मनोविकाराचे निदान, उपचारांची निवड आणि तो बरा होण्याबद्दलची अपेक्षा बदलणे, याला मानसोपचारातील वर्गीय पूर्वग्रह म्हणतात. त्यात उघड तुच्छता क्वचितच असते. ‘यांना बोलून काही उपयोग नाही, गोळ्याच द्या’ असे एखादा सहृदय डॉक्टरही म्हणून जातो.

समाजशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉलिंग्जहेड आणि मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक रेडलिक यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील रुग्णांची पाच सामाजिक वर्गांत विभागणी करून केलेला अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला. वरच्या वर्गांना प्रामुख्याने संवादातून होणारे उपचार मिळत होते. तळच्या वर्गाच्या वाट्याला बहुधा विजेचे झटके, औषधे किंवा सरकारी मनोरुग्णालयातला वर्षानुवर्षांचा मुक्काम येई.

पूर्वग्रह दारातच कसा अडवतो, हे समाजशास्त्रज्ञ हेदर कुगेलमास यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसते. न्यूयॉर्कमधील ३२० मानसोपचारकांच्या फोनवर नटांच्या आवाजातले निरोप ठेवले गेले. तक्रार तीच, आरोग्यविमाही तोच. फरक फक्त बोलण्याच्या ढंगातून आणि नावातून कळणाऱ्या वर्ग व वर्णाचा. मध्यमवर्गीय गोऱ्यांपैकी २८ टक्के आणि मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांपैकी १७ टक्के जणांना भेटीची वेळ देऊ केली गेली. कामगारवर्गीयांत, वर्ण कोणताही असो, हे प्रमाण ८ टक्केच होते.

आत प्रवेश मिळाला तरी अडचण संपत नाही. रोजंदारी बुडेल म्हणून दोन भेटी चुकवलेल्या बाईच्या केसपेपरवर ‘उपचारांत सहकार्य नाही’ असा शेरा पडतो. आपली रजा मंजूर करून घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्यावर ती वेळच येत नाही. ‘छातीत धडधडतं, अंग दुखतं’ एवढेच सांगणारा माणूस स्वतःच्या मनात डोकावू शकत नाही असे धरले जाते. वास्तविक दुःख शरीराच्या भाषेत सांगणे हीही सांगण्याचीच रीत आहे. उपचारक बहुधा सुशिक्षित मध्यमवर्गातून आलेले असल्याने आपल्यासारखे बोलणारा रुग्ण त्यांना अधिक समजूतदार वाटतो.

गरिबीमुळे मनोविकारांचा धोका खरोखर वाढतो आणि दीर्घ आजारही माणसाला गरिबीत ढकलतो. त्यामुळे वर्गांमधला प्रत्येक फरक पूर्वग्रहातूनच येतो असे म्हणता येत नाही. मात्र याची उलट चूकही तितकीच घातक आहे. ‘अशा परिस्थितीत कुणीही खचेलच’ असे म्हणून उपचार करण्याजोगे नैराश्य स्वाभाविक ठरवले जाते, आणि रुग्ण औषधही न मिळता परततो.